फार्महाउसच्या लॉनवर अडलेली घोडी

वैशालीच्या लग्नात काय झालं, ते तुम्हाला सांगितलंच नाही मी! वैशाली म्हणजे माझी कुही गावची मामेबहीण. लग्न उमरेड रोडवरच्या एका फार्महाउसवर होतं. वरात फाटकातून आत शिरली आणि नवरदेवाच्या घोडीला समोर हिरवंगार लॉन दिसलं. झालं! मान खाली घालून ती जी चरायला लागली, ती हलेचना. घोडीवाला ओढून ओढून थकला. नवरदेव वर बसून घामाघूम. मुहूर्ताला पाच मिनिटं उरली, तसे मामा रडकुंडीला आले.

तेवढ्यात पदर खोचून वैशाली स्वतःच बाहेर आली.

मामा ओरडले, "तू काहून आली वं? नवरी हायेस ना तू!"

"बाबा, घरी बैलं कोण आवरते?" असं म्हणत तिनं लगाम धरला, घोडीच्या मानेवरून हात फिरवला आणि कानात काहीतरी पुटपुटली. घोडी निमूटपणे तिच्यामागे थेट मांडवापर्यंत चालत आली.

खाली उतरल्यावर नवरदेवानं हळूच विचारलं, "तिच्या कानात काय सांगितलं?"

वैशाली म्हणाली, "म्हटलं, मांडवापर्यंत तू आणून दे माय, पुढं या नवरदेवाले मी पाहून घेते!"