सुगंधाच्या ओळीतली रोपं

माजा जलम पालीच्या वरच्या अंगाला, कातळावरच्या वाडीतला. बापूस चिरे काढायचा, तेवा लहानपणी मातीपेक्षा दगडाशीच वळख जास्त. लगीन झालं ते बाजूच्याच गावात, घरवाले मुंबैला कंपनीत, गणपतीला नि शिमग्याला यायचे, मंग मी रस्त्याकडच्या नर्सरीत कामाला लागले. शेजारची सुगंधापण लागली. दोघींचं बरं जमायचं, पण माजा सोभाव पयल्यापास्नं संशयी, आई बोलायची, तू परसादातपण खडा शोधशील.

तर काय सांगू तुमाला, एका वर्षी आंब्याची रोपं मुळातनं कुजली, म्हणून मालकांनी बुरशीचं औषध आणलं, बोलले माती चाळा, औषध मारा, मंगच पिशव्या भरा. मी तसंच केलं, एकदा सोडून दोनदा मारलं. आणि माज्या ओळीतली रोपं बसली ती बसलीच, पानं बोटाएवढी, पिवळी. बाजूला सुगंधाची रोपं गुडघ्याला लागली. औषध तिनंपण मारलेलं, खत तेच, पाणी तेच. माज्या डोक्यात भरलं, हीच माज्या रोपांना कायतरी घालते. पाळत ठेवली मी. एक दिवस सकाळी ती पदराखाली कायतरी लपवून आली, मी पुढं झाले नि पदर ओढला, सगळ्यांदेखत बोलले, चोरटे, माज्या रोपांवर करणी करतेस काय.

पडली ती नुसती काळी माती. तिच्या परसातल्या जुन्या रायवळ आंब्याखालची. ती बोलली, गो, माजी आये कोय लावताना मूठभर घालायची म्हणून मी घालते, कशाला ता मलापण ठाव नाय, इचारलं असतंस तर तुलापण दिली असती. आणि चपला घालून घरी गेली ती गेलीच.

मंग मालकांनी शेतीच्या कॉलेजातली म्याडम बोलावली. तिनं दोघींची रोपं उपटून नेली, मुळं रंगात बुडवून बारीक ते मोठं दाखवणाऱ्या यंत्राखाली धरली, आमाला दाखवली. सुगंधाच्या मुळात बारीक निळे दोरे पार आत शिरलेले, माजी मुळं कोरी. बोलली, ही बुरशी चांगली, मूळ पोचत नाय तिथनं खत ओढून आणते, झाड तिला साखर देतं, तुमच्या औषधानं कुजवणारी मेली नि हीपण मेली, सुगंधाच्या पिशव्यांत ती जुन्या आंब्याखालच्या मातीतनं परत आली. मी इचारलं, मुळात घुसून बसलेली, ती चोर नाय कशावरनं? म्याडम हसली, बोलली, खत भरपूर असलं तर कधी कधी नुसती खातेसुदा. म्हणजे बघा, माजा सवाल अगदीच खुळा नव्हता. पण संशय घ्यायचा होता औषधाच्या डब्याचा, मी घेतला बाईमाणसाचा.

गेले तिच्या घरी. चहा दिलान तिनं. मी बोलले, चुकलं गो माजं, चल परत. ती बोलली, चुकलं ता चुकलं, पण माजा पदर ओढलास तू. आता ती काजूच्या कारखान्यात जाते. तिच्या आंब्याखालची माती आता मीपण नेते, त्याला ती कधी नको बोलत नाय, टोपली माज्या डोक्यावर चढवायला हातपण लावते, पण घडीभर बस गो, असं काय बोलत नाय.

येत्या महिन्यात तिच्या पोरीचं लगीन हाय. पत्रिका आली, पण स्वता न येता तिच्या दिराच्या हाती धाडलीन. पयलं मनात आलं, हिनं मुद्दाम केलं. मंग बोलले, असूदे. जाणार मी, बसवील तिथं बसणार. पोरीचं बरं होवो.