यांच्यासाठी घेतलेली गाडी

माझं माहेर अमरावतीचं, सासर अकोल्याचं, पण चौतीस वर्षं दिल्लीत सरकारी ऑडिटमध्ये काढली, आता रिटायर होऊन दिल्लीतल्याच द्वारकेत राहतो आम्ही दोघं. ऑडिटमध्ये एकच शिकले, समोरचा जे दाखवतोय ते सोडून बाकी सगळं बघायचं. भाजीवाला म्हणाला ताजी आहे की मी खालची जुडी उचलते. आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, हसायचे, म्हणायचे सुमन, तू विहारातल्या दानपेटीचीही पावती मागशील.

तर यांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली, बोलणं राहिलं पण जड झालं. आमच्या छोट्या गाडीची सीट इतकी खाली की यांना त्यातून उठवताना माझी कंबर मोडायची, आणि कॅबवाले व्हीलचेअर बघितली की राइड कॅन्सल. मग फिजिओथेरपी सुटली, रविवारचा विहार सुटला, दिवसभर पंख्याकडे बघत पडून राहायचे. डॉक्टर म्हणाले असंच पडून राहिले तर उरलंसुरलंही जाईल. उंच गाडी हवी होती, कमरेइतकी सीट, खुर्चीवरून सरकवलं की बसले. नवी एसयूव्ही पेन्शनीत कुठून येणार, म्हणून जुनी बघायची, तीही पेट्रोलची, कारण दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला दिल्लीत बंदी, ती कटकट तुम्हाला माहीतच आहे.

काय सांगू तुम्हाला, दलालांच्या अकरा गाड्या नाकारल्या मी. एकाने सीट कव्हर नवं घातलं होतं, मी म्हटलं आत काय लपवलंय. बारावी मिळाली मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. गुरुग्रामचा समीर, आयटीतला मुलगा, पुण्याला परत चालला होता. सीट जमते का बघायला यांनाही आमच्या छोट्या गाडीत कसंबसं घालून नेलं. दार उघडून या काकू म्हणाला, त्याच्या बायकोने पोहे केले, आणि इतकी वर्षं हिंदीत भांडून दमलेली मी, मेकॅनिकला बोलावून घेणार होते तो बोलावलाच नाही. आपला माणूस आहे, म्हटलं. कागद मात्र तासभर बघितले, आरसी, इन्शुरन्स, एकेक शिक्का. तोवर समीर यांना खाली पार्किंगमध्ये गाडीत बसवून दाखवत होता. मी खाली आले तर हे हसत होते, कितीतरी महिन्यांनी. मी तिथेच हो म्हटलं.

आधी पुढच्या चाकातून खडखड आली, मग एसी बंद पडला. करोल बागेत बलविंदरजींचं गॅरेज आहे, तिथे मी बॅटरीला, कॉम्प्रेसरला, सगळ्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून द्यायची, माल बदलू नये म्हणून, आणि वर स्टूल टाकून बसायची. ते म्हणायचे मॅडमजी, मेहंदी भी लगा दो. मी हसायची नाही.

मग जूनमध्ये धौला कुआँच्या जाममध्ये गाडीचा तापमानाचा काटा लालवर गेला. रेडिएटरचं पाणी रोज कमी व्हायचं आणि खाली एक थेंब नाही. बलविंदरजींनी ऑइलचं झाकण काढून दाखवलं, आत दुधाच्या चहासारखा फेस. म्हणाले पाणी तेलात जातंय, हेड गॅस्केट गई, और ये इंजन पहले भी उबल चुका है, खर्च सत्तर हजारांच्या आसपास. मी म्हटलं लुटता का मला, शहात्तर हजार किलोमीटर तर चालली आहे फक्त. त्यांनी बॉनेटखालचा जुना स्टिकर दाखवला, तेल बदललं एक लाख अठरा हजार किलोमीटरवर. मला वाटलं बलविंदरजींनीच चिकटवला. नखाने खरवडून बघितला, काळं चिकट तेल बसलं होतं त्यावर, किती वर्षांचं कोण जाणे.

तिथूनच समीरला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले, आपला म्हणून विश्वास ठेवला आणि असं केलंस म्हणून.  तो म्हणाला काकू, आधीच्या मालकाने मीटर मागे फिरवलाय, इंजिन एकदा तापलंय, हे सगळं मी त्या दिवशी पार्किंगमध्ये काकांना सांगितलं होतं, किंमतही म्हणूनच कमी लावली होती. काका म्हणाले हिला मी सांगतो.

मी म्हटलं खोटं बोलतोस, आणि फोन ठेवला. मेट्रोने घरी येईपर्यंत त्यालाच शिव्या देत होते. यांना विचारलं, समीर असं असं म्हणतो. हे खिडकीकडे बघत म्हणाले, सांगितलं असतं तर तू घेतली नसतीस. मग म्हणाले, मला बाहेर जायचं होतं.

खूप राग आला मला, आणि त्याहून जास्त रडू आलं. साऱ्या जगावर संशय घेतला आणि घरात कधी बघितलंच नाही. खरंच घेतली नसती हो मी.

एफडी मोडली, इंजिन करून घेतलं. समीरची फोनवर माफी मागितली, बिचारा म्हणाला राहू द्या काकू. बलविंदरजींचंही भलं होवो, काम चोख केलं त्यांनी. आता आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला जातो, रविवारी विहारात.

परवा व्यायाम संपल्यावर यांना गाडीत सरकवत होते, तर म्हणाले, सुमन, आज डाव्या बोटांत मुंग्या आल्या, जीव येतोय बहुतेक. मी यांच्या तोंडाकडे बघत राहिले. खरंच आल्या, की मी हे सगळं सोडून देऊ नये म्हणून म्हणतात, काही कळेना. मी म्हटलं, हो का, छान झालं. आणि पट्टा लावून दिला.