आप्पांच्या खांद्यातल्या सुया

सुया टोचून घेण्याचं निघालं म्हणून सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत झेंडा धरणाऱ्या आमच्या आप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वर खांदा असा ठणकायचा की झोप नाही. मी एका चिनी वैद्याला लालबागला घरी आणलं. त्याने आप्पांच्या हाताखांद्याला सुया टोचल्या आणि तो गॅलरीत विडी ओढायला गेला.

तेवढ्यात आई देवळातून आली. तिने सुया टोचलेल्या पाहिल्या होत्या त्या फक्त करणीच्या लिंबाला. "माझ्या घोवाचा लिंबू केलास?" असं माझ्यावर ओरडत तिने सगळ्या उपटल्या. वैद्य रागावून गेला, तो पुन्हा आलाच नाही.

आईला मात्र जन्मभर आप्पांचं तेव्हाचं बोलणं टोचत राहिलं. "अगो, आत्ताच कुठे माझो डोळो लागलो होतो."