खांबामागचा फोटोग्राफर

लग्नाचं पहिलं काम घेण्याआधी मी महिनाभर नामवंत फोटोग्राफरांचे फोटो बघत होतो. त्यांच्या फोटोंत समोर कुणी कॅमेरावाला आहे, हे माणसांना कळलेलंच नसायचं. मला ते फार आवडलं.

काम होतं आमच्याच बिल्डिंगमधल्या सावंतकाकूंच्या मुलीच्या लग्नाचं, कांदिवलीच्या एका हॉलमध्ये. सकाळपासून मी खांबामागून, खुर्च्यांआडून फोटो काढत होतो. अक्षता वाटल्या आणि काकूंचा फोन आला.

“कुठे उलथलास रे? मुहूर्त आला.”

“काकू, मी इथेच आहे. मागे बघा.”

त्या वळल्या. मी घाबरतच कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. लेकीला हळद लावतानाचा स्वतःचा फोटो बघून त्यांचे डोळे भरले.

“झकास काढलायस,” त्या म्हणाल्या. “पण आता स्टेजवर ये. आम्ही फोटोग्राफर लावलाय, हे व्याह्यांना दिसायला नको?”