रविवारच्या ताईंचा आवाज

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, विश्वस्त मंडळाचे आदरणीय प्रमुख, व्यासपीठावर उपस्थित असलेल्या आपल्या संग्रहालयाच्या संचालकबाई, ज्यांच्या काळात कुटुंबांसाठीचा रविवारचा तास सुरू झाला ते आपले माजी संचालक, माझे सहकारी, रविवारचे आईबाप, आजी-आजोबा, आत्या आणि मामा, शनिवारच्या प्रौढ वर्गातले केस पिकलेले विद्यार्थी, आणि हे भाषण संपलं की खाऊ मिळणार या एकाच आशेवर पहिल्या रांगेत बसलेली बालमंडळी, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

सत्काराला उत्तर सत्कारमूर्तीनं द्यायचं असतं, ही रीत मलाही ठाऊक आहे. तरीही मी उभा आहे. मी तळघरातला माणूस. वरच्या दालनांत काचेआड जे पक्षी आणि प्राणी तुम्ही बघता, त्यातले बरेचसे माझ्या हाताखालून गेलेत. कातडं कमावायचं, आत साचा बसवायचा, काचेचे डोळे लावायचे आणि मेलेलं जनावर आत्ता मान वळवेल असं उभं करायचं, हे माझं काम. मुलं मला भुसाकाका म्हणतात. आम्ही भुसा भरत नाही हो, पण सांगून सांगून माझं तोंड दुखलं. आणि या सत्कारमूर्ती, तुमच्या रविवारच्या ताई, माझ्या पत्नी आहेत. तुम्ही सगळे सारखे ताई ताई करता ना, त्या नादात एकदा मीच घरच्या फोनवर "ताई आहेत का?" असं विचारून बसलो होतो. त्यानंतर मला काय काय ऐकावं लागलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

ही उत्तर का देत नाही, हे बहुतेकांना कळलंय. ज्यांना कळलं नसेल त्यांना आडपडदा न ठेवता सांगतो. तिच्या घशात गाठ आहे. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे आणि त्यात स्वरयंत्र काढणार आहेत. जीव वाचेल, असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात. आवाज जाईल, हेही तितक्याच छातीठोकपणे सांगतात. पुढे उपकरण लावून बोलता येतं म्हणे. येईलही, बाई जिद्दीची आहे. पण तो आवाज तिचा नसेल. आज घोगरा आहे, तुटका आहे, चार वाक्यांत दमतो, पण तो तिचा आहे. म्हणून जेवढा उरलाय तेवढा कुठे वापरायचा हे तिचं तिनं ठरवलंय, आणि त्यात या सभागृहाचा नंबर लागला नाही. कृपा करून राग मानू नका.

आता रविवारच्या तासाबद्दल. मघाशी मानपत्रात "कौटुंबिक शिक्षणाचा अभिनव उपक्रम" असं भारदस्त काहीतरी वाचलं गेलं. प्रत्यक्षात काय होतं? दारात एक टोपली. तिच्यात आधी सगळ्यांचे फोन टाकायचे. मग आत यायचं, जमिनीवर बसायचं, आणि मोठ्यांनी तोंडावर बोट ठेवायचं. मुलांनी नव्हे, मोठ्यांनी! मूल विचारेल, मूलच शोधेल, आणि जो बाप किंवा आई मध्येच उत्तर फोडेल त्याला शिक्षा म्हणून हत्तीची दाढ. ही दाढ तुमच्यापैकी कितीजणांनी उचललीय? हात वर करा बघू. अरे बापरे. संचालकबाई, तुम्हीपण? चांगली दगडासारखी जड असते, दोन्ही हातांनी पोटाशी धरायची आणि तास संपेपर्यंत खाली ठेवायची नाही. मी जिन्यातून बघितलंय, मोठमोठे वकील ती दाढ घेऊन घामाघूम उभे, आणि त्यांची पोरं त्यांच्याकडे बघून खिदळतायत. घरी बापाला सगळंच येतं. इथे एक तास त्याला काही येत नसायचं, आणि पोरांना तेच हवं असायचं.

मी तळघरात काम करायचो आणि जिन्यातून तिचा आवाज खाली यायचा. ती माहिती फार कमी द्यायची. "तुला काय दिसतं?" हेच जास्त. मूल म्हणायचं, पक्षी. ती म्हणायची, "ते तर मलाही दिसतं. अजून काय दिसतं?" असं ते पोर पक्ष्याच्या पंजापर्यंत, नखापर्यंत, नखाखालच्या खवल्यापर्यंत उतरायचं. घरी मात्र मला असं कधी विचारलं नाही. घरी विचारायची, "डोळे आहेत की काचेचे बसवलेत? समोर ठेवलेला चहा दिसत नाही?"

हसा, हसा. तीही हसतेय.

एका रविवारची गोष्ट सांगतो. एक बाई एकट्याच आल्या. पाटीवर लिहिलं होतं, कुटुंबासह यावे. त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "मी एकटीच आहे. आधी दोघी यायचो. आता तिला येता येणार नाही. मी नुसती मागे बसले तर चालेल का?" त्यांची मुलगी आमच्या तासाला यायची. दाढ आईला मिळावी म्हणून मुद्दाम आईला उत्तर सांगायला लावायची, अशी खट्याळ पोर. ती पावसाळ्यात तापानं गेली होती. आम्हाला पत्ताच नव्हता. हिनं त्यांना काही विचारलं नाही. म्हणाली, "मागे कशाला? पुढे या. मलासुद्धा घरी एकच माणूस आहे, आणि तो तळघरात बसलाय." त्यांना तिनं आपल्या शेजारी बसवलं. तास चालू झाला. मध्ये कुणीतरी प्रश्न विचारला, आणि त्या बाईंनी सवयीनं पटकन उत्तर दिलं. सगळे हिच्याकडे बघायला लागले. आता काय करायचं? हिनं उठून दाढ आणली आणि त्यांच्या हातात दिली. नियम म्हणजे नियम. बाईंनी ती छातीशी धरली आणि ज्या रडल्या, ज्या रडल्या... मुलांना वाटलं, जड झाली असेल. एका लहानग्यानं खालून हात लावला. मग दुसऱ्यानं. तास संपेपर्यंत ती दाढ अशी चार-पाच हातांवर राहिली.

आम्हाला मूलबाळ नाही. हे मी कधी चारचौघांत बोललो नाही. त्या दिवशी घरी आल्यावर ही स्वयंपाकघरात उभी राहून एवढंच म्हणाली, "त्यांच्याकडे निदान आठवायला तरी कुणीतरी आहे." आणि भांडी घासायला लागली. मी पुसून ठेवत होतो.

शनिवारच्या प्रौढ वर्गाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर ती मंडळी मला सोडणार नाहीत. तिथे दाराबाहेर हुद्दा काढून ठेवायचा, असा नियम. समोर हाडांचा ढीग, आणि त्यातून एक प्राणी जुळवायचा. एका निवृत्त न्यायाधीशांनी सशाचे मागचे पाय पुढे लावले आणि "हाच माझा अंतिम निर्णय" म्हणून अडून बसले. हिनं त्यांना सांगितलं, "असू दे. आता याला पळवून दाखवा." तेव्हा कुठे त्यांनी निर्णय फिरवला. ते बघा, मागे बसलेत, मान हलवतायत. त्यांना अजून मान्य नाही.

असो. आता जे सांगायला मी उभा राहिलोय ते सांगतो. ही खुणा करतेय की आटोपतं घ्या. घेतो.

गाठीचं कळलं त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. हिचा आवाज ठेवायचा. मी दुसरं काय शिकलोय? जे जाणार ते ठेवायचं, हीच माझी विद्या. मी शोधायला लागलो. या इमारतीत किड्यांचे पाय ठेवलेत, अंड्यांची टरफलं ठेवलीत, पक्ष्यांच्या दालनात बटण दाबलं की एकेका पक्ष्याची हाक वाजते. बेडकांचे आवाजसुद्धा आहेत हो आपल्याकडे! पण या बाईचा आवाज? कुठेच नाही. कुणाच्या फोनमध्ये असेल म्हणावं, तर फोन सगळे टोपलीत. तिनंच घातलेला नियम. शेवटी एका गृहस्थांकडे सापडला. फोन टोपलीत टाकण्याआधी लेकीचा फोटो काढताना चुकून चित्रीकरण सुरू झालं होतं, आणि त्यात मागून ही ओरडतेय, "अहो, काचेला टेकू नका!" एवढंच. पण अगदी खणखणीत, आजारापूर्वीचा.

मी ते घरी आणून ऐकत बसलो. पुन्हा पुन्हा. ही मागे येऊन उभी राहिलेली मला कळलंच नाही. तिनं ते बंद केलं. इतकं चिडलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "मी इथे उभी आहे. जिवंत आहे. आणि तुम्ही माझ्याकडे पाठ करून माझा आवाज ऐकताय? मी अजून तुमच्या टेबलावर आलेली नाही."

एवढ्यावर शहाण्या माणसानं थांबावं की नाही? मी दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र आणलं. तिच्यासमोर ठेवलं, लाल दिवा लावला आणि म्हणालो, "बोल." ती म्हणाली, "काय बोलू?" म्हटलं, "काहीही. मला ठेवायचंय." ती त्या दिव्याकडे बघत राहिली. मी इकडून बघत राहिलो. आम्ही दोघं आयुष्यभर एकमेकांशी भांडलो, पण असे गप्प कधी बसलो नव्हतो. शेवटी तीच उठली, दिवा बंद केला आणि म्हणाली, "नमुना नका हो करू माझा. जेवढा आहे तेवढा वापरू या." मला त्या वेळी तिचा राग आला होता. खरं सांगतो, अजूनही येतो. तिला काय, ती बोलून मोकळी होईल. मागे ते मुकं घर ऐकत बसायचंय मला.

पण कालचा तास मी पाहिला. तिचा शेवटचा रविवार. पहिल्यांदाच तळघरातून वर येऊन जमिनीवर बसलो. आवाज इतका बारीक की दुसऱ्या रांगेला ऐकू जाईना. एक मुलगी म्हणाली, "ताई, मोठ्यानं बोला ना." ही म्हणाली, "तूच जवळ ये." मग सगळेच सरकले. मुलं, बाया, बापे, आजोबा काठीसकट. एवढ्या मोठ्या दालनात सगळी माणसं एका सतरंजीवर गोळा झाली, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. कुणाच्या हातात फोन नव्हता. मीही यंत्र नेलं नव्हतं. नुसतं ऐकलं. मी तिचा नवरा, आणि असा ऐकायला मी आयुष्यात पहिल्यांदाच बसलो असेन.

अध्यक्ष महाराजांचे, संचालकबाईंचे, मानपत्र लिहिणाऱ्यांचे, हा हॉल सजवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचे आणि एवढी वर्षं सुट्टीच्या दिवशी घरचं काम टाकून इथे येणाऱ्या प्रत्येक घराचे, तिच्या वतीनं आणि माझ्या वतीनं मनःपूर्वक आभार. रविवारचा तास पुढे कोण चालवणार हे अजून ठरलेलं नाही असं ऐकतो. चालवा. एवढी एकच विनंती ती करते आहे, आणि ती तिनं मला तीनदा बजावून सांगायला लावली आहे.

आता रीतीप्रमाणे चुकांची माफी मागायला हवी. पण मंडळी, आज मी माफी मागणार नाही. मी कुठेही चार शब्द बोललो की घरी परतताना ही रस्ताभर माझ्या चुका काढते. हे असं का बोललात, तो शब्द चुकलात, अमक्यांचे आभार राहिले. मला त्याचा भयंकर वैताग यायचा. म्हणून आपल्याला हात जोडून सांगतो, माझ्या भाषणात जिथे जिथे घसरलो असेन ते पोटात घालू नका. खाली उतरल्यावर एकेक चूक तिच्या कानावर घाला, मिळतील तेवढ्या घाला. आज सोमवार आहे, गुरुवारला अजून तीन दिवस आहेत. संचालकबाईंनी गाडीची सोय केली होती, ती मी परत पाठवली. आम्ही चालत जाणार आहोत, लांबच्या रस्त्यानं.

नमस्कार.