खालच्या मजल्याची सही

— नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू साहेब, टाचण्या आहेत — म्हणजे असेल एखाददुसरी, जुनी. इकडे बसा. आंबट चेरीचा मुरांबा घ्या चमचाभर, वर पाणी घ्या. नगरपालिकेचा माणूस आला आणि ओलिंपियाबाईनं कोरड्या तोंडानं पाठवला, असं जिन्यात बोललेलं मला चालायचं नाही. तर तुमचं विचारणं काय — मी सही का करत नाही? माझ्या डोक्यावर राहणाऱ्या स्मरांदाला घरात शिवणाचा धंदा करायचा तर तिच्या वरचा, खालचा आणि भिंतीला भिंत लागलेला, सगळ्यांची संमती लागते. वरच्यानं दिली, शेजारणीनं दिली. राहिले खालची मी. स्मरांदानं माझ्याबद्दल काय काय सांगितलं असेल — काहीच नाही? बोलायचीच नाही ती. गोड ना फार.

आवाज लिहा, साहेब. कारण म्हणून आवाज लिहा. सकाळी आठपासून डोक्यावर मशीन. त्यातून ओव्हरलॉकचा, त्या कडा शिवायच्या मशीनचा, पट्टा सैल झालाय, महिनाभर ऐकतेय, बदलेल तर शपथ. आणि सॅटिनवर इतकं जोरात मशीन मारतात का कुणी? सुई तापते, धागा तुटतो, तुटला की ती थांबते, आणि मी इथे भांडी घासता घासता म्हणते, बारीक सुई लाव गं, अकरा नंबरची लाव — मला कसं कळतं? कान आहेत मला. या इमारतीत वरचा शिंकला तर खालचा 'शतायुषी हो' म्हणतो.

दुसरं कारण, जिना. नवऱ्या मुली येतात, सोबत आई, आत्या, लग्नाला साक्षी उभी राहणारी धर्ममाय, सगळी वरात माझ्या दारावरून वर. शनिवारी चार गेल्या. मी काही मोजत नाही, दाराच्या भिंगातून दिसतं. पूर्वी त्या वर जायच्या नाहीत — म्हणजे, पूर्वी एवढी वर्दळ नव्हती. एक उतरताना पाहिली, पिशवीतून झग्याची बाही बाहेर आलेली. खांद्यावरच्या चुण्या बघितल्या आणि — त्या चुण्या माझ्या आहेत, साहेब. गावातला कारखाना बंद पडला तेव्हा हीच स्मरांदा या टेबलाशी बसायची, धड सुईत दोरा ओवता येत नव्हता, हात धरून शिकवलंय मी. आता तिला दारावर पाटी हवी. लोक म्हणतात ओलिंपियाच्या पोटात दुखतं. दुखतं. हो, दुखतं — ते लिहू नका. तीस वर्षं पडदे ओढून शिवलं मी, कुजबुजत मापं घेतली, कुणी विचारलं तर भाची म्हणून सांग, असं प्रत्येकीला बजावलं, अर्ध्या गावाची मावशी झाले — आणि ही म्हणे परवाना काढणार. — काय? अहो, कारखान्यातलं सांगत होते मी.

रविवारी आली होती कागद घेऊन. म्हणाली, मावशी, खिडकीपाशी एक कोरं मशीन ठेवलंय तुमच्यासाठी, पाटीवर दोघींची नावं लावू. आगाऊपणा बघा. मी म्हटलं, मला नोकरीला ठेवतेस होय? आणि दार लावलं. अक्रोडाचा गोड पाव उंबऱ्यात ठेवून गेली. खाल्ला नाही मी. नुसते अक्रोड खाल्ले.

बेल वाजली. तुम्ही बसा, मी बघते — अगं दोम्निका, तू? आत्ता? पिशवीत काय — कापड? लेकीच्या झग्याचं? साहेब, ही चुकून आलीय. दोम्निका, इथे कुणी शिवत नाही. कधीच शिवत नव्हतं. अशी काय बघतेस? तुझ्या लग्नाचा झगा मी — तुझ्या लग्नाचा झगा शिवलाच ना कुणीतरी. मग लेकीचाही शिवतील. वर जा, एकच मजला. तिला म्हणावं, खांद्याच्या चुण्या हातानं घाल. मशीननं नको.

गेली. माझं एवढंच गिऱ्हाईक — एवढीच मैत्रीण उरली होती. ऐका, वरची बेल. दार उघडलं. हसली स्मरांदा.

आणा तो कागद. दोम्निकाच्या लेकीचा झगा अडायला नको. सही कुठे, इथे? आणि या रकान्यात काय लिहायचं — व्यवसाय? माझा?

काही नाही, असं लिहा. घरीच असते.

मुरांबा राहू द्या तसाच. जाताना दार ओढून घ्या.