पाणी कुठवर आलतं

हॅलो?... हां, बोल स्वप्ना... येतंय की ऐकू. बोल.

व्हय, थांबवलं मी काम. पेंटरनं लगेच तुला फोन लावला व्हय?... बघ की. हितं बसून चहा प्याला, खारी खाल्ली, तोंडातनं एक शब्द काढला न्हाय. आणि गेटाच्या भाईर पडला की लागला चुगली करायला.

न्हाय गं, भांडले न्हाय त्याच्याशी. सैपाकघर झालंय, वरच्या दोन्ही खोल्या झाल्यात, पुढच्या सोप्याच्या तीन भिंती झाल्यात. ती एक भिंत सोडायची म्हणून सांगितलं... सोडायची म्हंजे सोडायची. आण्णांच्या रेघांची.

त्यानं एक हात मारलावता. मी ओल्या फडक्यानं पुसून काढला... व्हय, मीच. आण्णांनी एस्टीच्या डेपोतला लाल ऑइलपेंट आणून मारल्यात रेघा, ह्या डिस्टेंपरला काय दाद देतात त्या?... साडीवर उडालं थोडं. उडू दे.

हो... हो, हो... अगं ऐक ना... हो, ऐकालेय मी... झालं तुझं? मग मी बोलू?

बाकी सगळं तू सांगितल्यापरमाणं केलंय. तू तो घर सजवायचा व्हिडिओ पाठवलावतास नव्हं, त्यातलं सगळं. जुन्या गाद्या समोरच्या काकूंच्या माडीवर टाकल्या. उशांना नवीन अभ्रे. दाराला झेंडूचं तोरण, खरा झेंडू, तुझं प्लॅस्टिकचं न्हाय. कापूर जाळलाय. घराला देवळासारखा वास सुटलाय, मघाशी मीच माझ्या घरात नमस्कार करायला वाकलेते... हास, हास. आणि जाहिरातीत काय ल्याहलंस तू? ‘नदीकाठचं निसर्गरम्य घर’. अगं, नदीकाठचं कुठलं? पावसाळ्यात नदीच चालत येती आपल्याकडं, आपण जायची गरज न्हाय.

बरं, न्हाय चेष्टा करत.

मागची दोन गिऱ्हाईकं रेघा बघून गेली, ते मला सांगालीस? मीच दाखवल्यावत्या त्यास्नी... व्हय, मी. बोटानं दाखवल्या, पाणी हितवर आलतं म्हणून. जयसिंगपूरच्या पावण्यानं तर बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला आणि ‘कळवतो’ म्हणून उठला. अजून कळवतोय.

कपाट?... त्या भिंतीला कपाट लावायचं? बरं, लावलं. आणि खिडकीतनं समोरची राजमतीकाकूंची भिंत दिसती, तिच्यावर पुराचा डाग हाय त्याचं काय करूया? शाळंच्या कंपाउंडावर हाय, देवळाच्या खांबावर हाय. गल्लीभर कपाटं लावत हिंडू?

आणि व्हय, काकूंवरनं आठवलं. त्यांना फोन करून सांगितलंस, पावण्यांसमोर पाण्याचं काढू नका म्हणून?... मला कसं कळलं म्हंजे? त्यांनीच सांगितलं की. त्यांच्या दारातनं माझ्या दारात, वरडून. निम्म्या गल्लीनं ऐकलं.

हां... हां... अगं पण... 

रडू नको गं. रडतीस कशाला? मला काय कळत न्हाय व्हय, कुणासाठी चाललंय हे सगळं? माझ्यासाठीच करालीस. पावसाच्या आत आक्का कोल्हापुरात आपल्याजवळ आली पायजे, आणखी एक पावसाळा तिनं हितं एकटीनं काढू नये, असंच नव्हं तुझं? सगळं कळतंय. गेल्या पुरात मी वर अडकलेली, माझा फोन बंद, आणि तू तिकडं जेवण सोडून बसलीस, तेबी म्हाईत हाय मला. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं.

पण म्हणून मी भाईर पडायला दुसऱ्या बाईला आत ढकलू? आज घर बघायला येणारी ती, लेकराबाळाची बाई. मी सुटायचं आणि तिनं अडकायचं, असला व्यवहार मला जमायचा न्हाय, स्वप्ना. सरळ सांगते.

मलकापूरकडची माणसं हाईत. डोंगरातली. पाऊस बघितलाय त्यांनी ढीगभर, पण पाणी घरात येऊन बसलेलं बघितलंय का? न्हाय. सरांची बदली झाली, शाळा जवळ पडती, म्हणून घर बघालेत. त्यास्नी काय स्वप्न पडणार हाय?

मग कुणालाच विकू नको म्हणतीस?... तसं कुठं म्हणाले मी? वाईट हाय काय घर? भिंती बघ, दोन पुरात हलल्या न्हाईत. हिरीला पाणी हाय, दारात शाळा हाय, शेजार चांगला हाय. गल्ली राहती की हितं. पण गल्लीला म्हाईत हाय, जुलै लागला की धान्य वर टाकायचं, अंथरूण वर न्यायचं, जनावरं आधी हलवायची. ज्याला म्हाईत हाय तो राहतोय. ज्याला सांगितलं न्हाय, तो बुडतोय. एवढंच हाय बघ.

सगळेच रंग देऊन विकतात?... विकतात की. आपल्याला न्हाय का विकलं तसंच?

विसरलीस का विसरल्यासारखं करालीस?... लहान व्हतीस, कबूल. मग ऐक. आण्णा गारगोटीकडचे. त्यांना नदी म्हंजे पुलावरनं एस्टी नेताना काचंतनं बघायची गोष्ट. घर बघायला आलो तर पिवळाधम्मक रंग, दारात रांगोळी, हातावर पेढा. आई सगळ्या खोल्यांतनं फिरली आणि म्हणाली, ‘किती लख्ख ठेवलंय घर.’ तेवढ्यावर ठरलं. आणि पुढच्याच पावसाळ्यात पाणी आलं. वसरल्यावर तो पिवळा रंग पोपडं धरून निघाला, आणि त्याच्याखाली आधीच्या पुराची रेघ. माझ्या छातीएवढी. चिखलात उभं राहून आण्णा तिच्याकडं बघालेते, ते अजून दिसतंय मला.

शिवी न्हाय दिली. तुला म्हाईत हाय आण्णा कसे व्हते. दुसऱ्या आठवड्यात डेपोतनं लाल रंग आणला आणि दोन रेघा मारल्या, एक त्या जुन्या रेघंवर, एक आपल्या पाण्याची, आणि साल घातलं. पुढं कधीतरी तो आधीचा मालक स्टँडवर भेटला त्यास्नी. चांगला माणूस, पाया पडला. आण्णा एवढंच म्हणाले, ‘पावणं, पाणी कुठवर येतंय तेवढं सांगायचं व्हतं.’ बास. घरी येऊन जेवले न्हाईत त्या दिशी.

आणि आता त्यांच्याच रेघंवर मी रंग मारू? पेढा आणून ठेवू?... न्हाय. विकलं तर सांगून विकणार. न्हाय विकलं तर मी हितंच राहणार. आणखी दहा पावसाळं राहीन, काय वाकडं व्हतंय बघू.

हट्टी म्हण. आई बी म्हणायची.

आणि स्वप्ना, एक विचारू? पहिल्यांदा पाणी आलं त्या पहाटं तू कुठं झोपलीवतीस?... सोप्यातच. खाली जमिनीवर, माझ्या अंगाला अंग लावून. आधी तूच उठलीस. मला हलवून काय म्हणालीस, आठवतंय?... न्हाय?... बरं. न्हाय तर न्हाय. मी न्हाय सांगत. माझ्या ध्यानात हाय, तेवढं बास.

थांब. थांब, गाडी वाजली... तीच असतील. फोन ठेवू नको. ऐकत बस, मी काय सांगते ते ऐक.

या पावणं, या. या वहिनी... असू द्या चपला, असू द्या. बहिणीचा फोन हाय, घराची निम्मी मालकीण. कोल्हापूरला असती... झोपलाय व्हय? गाडीवर झोप लागतीच. नाव काय याचं?... राजवीर. छान. बसा, पाणी आणते. बघा तुम्ही तवर, सगळं उघडं हाय.

हां, हाय मी, बोल... हळू बोलालेय, व्हय. ती तिकडं सैपाकघरात गेलीया... तू व्हतीस तवा, तसलंच पोरगं हाय गं, खांद्यावर मान टाकून झोपलंय...

ऐकलंस? आत्ता ती काय म्हणाली ऐकलंस?... ‘किती लख्ख ठेवलंय घर.’ नवऱ्याला सांगालीया.

हॅलो?... स्वप्ना?... हाईस नव्हं?

न्हाय वहिनी, बोला की. काय म्हणालात?... व्हय, सोपा गार असतोय उन्हाळ्यात. व्हय, पोराला हितंच टाकता येतंय की खाली... येतंय.

स्वप्ने, ऐकालीस का? पोराला हितं झोपवायचं म्हणती. खाली... 

काय?... काय म्हणालीस? मोठ्यानं बोल.

‘आक्का, घागर सांडली.’

... व्हय. व्हय गं बाई. हेच म्हणालीवतीस. हात भिजला तुझा झोपंत, आणि तुला वाटलं मीच घागर सांडली. मग आठवत न्हाय म्हणून कशाला सांगितलंस मघाशी?

रडू नको. त्यांना ऐकू जातंय... 

कोण, तू? तू सांगणार त्यास्नी?... अगं पण गेली उठून तर? मग पाऊस आला तर मला नावं ठेवशील... न्हाय ठेवणार? बघ हां. शब्द हाय तुझा... बरं. देते फोन. बोल तूच...

हॅलो?... हॅलो, तुटतंय तुझं... स्वप्ना, थांब, ठेवू नको. वर जाते मी.

पावणं, हेबी सांगून ठेवते, सोप्यात मधनंच रेंज जाती. फोन वर लागतोय. चला की वर, तिकडची खोलीबी बघून व्हईल... ती लाल रेघ व्हय? त्याचंच सांगायचं हाय तुमास्नी. ती खालची एक, आणि ती बघा, दाराच्या वर, दुसरी... न्हाय, नक्षी न्हाय ती. चला वर, माझी बहीण सांगती. तिनं बघितलंय.

वहिनी, पोराला माझ्याकडं द्या. जिना अरुंद हाय, तुम्हाला सवय न्हाय... न्हाय उठत तो, द्या. मला पाठ हाय ह्या पायऱ्या. पाणी आलं तवाबी हिला असंच काखंत मारून ह्याच जिन्यानं वर गेलते मी. तिनं माझा गळा सोडला न्हाय दुपारपर्यंत.

सांभाळून, डोकं खाली घ्या... हां.

हॅलो? स्वप्ने? येतंय आता ऐकू?... आलो आम्ही वर. समदी आलो.

घ्या वहिनी, बोला तिच्याशी. पोरगं राहू दे माझ्याजवळ.